धोंड्याचं पार्सल

या मायबापहो, असे पुढं सरका. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही जरा जवळ यावं, कारण गोष्ट लहान गावची आहे आणि ती ओरडून सांगण्यासारखी नाही. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही. एक बाई आहे, एक म्हातारा आहे, पोस्टाचा एक शिक्का आहे आणि तेहतीस अनारसे आहेत. ऐकून उठाल तेव्हा तोंड गोड झालेलं असेल, एवढा शब्द आधीच देऊन ठेवतो.

देवगाव रंगारीपासून आत, ओढ्याच्या कडेनं गेलं की चिंचदरा लागतं. तिथलं पोस्ट म्हणजे रत्नमालाच्या घराची पुढची खोली. बाहेर लाल पाटी, आत टेबल, वजनाचा काटा, तारखेचा शिक्का, शाईची गादी आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. मधल्या दाराला फुलाफुलांचा पडदा. पडद्याच्या अलीकडं सरकार, पलीकडं चूल. दहावीच्या मार्कांवर रत्नमाला या पोस्टात लागली, त्याला आता बारा वर्षं झाली होती. गाव तिला मास्तरीणबाई म्हणायचं. तिचा नवरा आकाश वाळूजच्या कंपनीत होता, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. घरात दिवसभर ती आणि तिचे सासरे, सांडूबाबा.

सांडूबाबांनी याच पोस्टाची थैली पासष्टीपर्यंत वाहिली होती. आधी पायी, मग सायकलवर. आता थैली बसनं यायची आणि दुपारी दोनच्या बसनं जायची. तरी म्हातारा रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून टेबल पुसायचा, शाईची गादी बोटानं दाबून बघायचा आणि दारातल्या बाकावर बसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, बसलो नाय, ड्युटीवर हाय.

चैत्र संपत आला होता. उन्हानं ओढा पांढरा पडला होता. अशा एका दुपारी डाक निरीक्षक मोटारसायकलवर आले. प्रणय त्यांचं नाव, वय तिशीच्या आतबाहेर. हेल्मेट काढलं तर कपाळावर लाल वळ उमटलेला. माठातलं दोन तांबे पाणी प्यायले, मग रजिस्टरं उघडून बसले. पानं उलटता उलटता त्यांचा हात हळू होत गेला. पार्सलाच्या रकान्यात मागच्या तीन महिन्यांत एकही नोंद नव्हती. पत्रं तर हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, तीही बहुतेक बँकेच्या नोटिसा.

"ताई, लपवून ठेवत नाही," ते म्हणाले. "ही शाखा शेजारच्या गावाला जोडायचा विचार चाललाय. जूनअखेरचं काम बघून ठरेल."

रत्नमालानं विचारलं की काम कुठून आणू, लोक पत्रंच लिहीत नाहीत. निरीक्षक म्हणाले, पत्रं गेली ती गेली, त्यांच्यामागं रडू नका. गावातून रोज काही ना काही बाहेर जात असेल. ते आपल्या थैलीतून का जात नाही, एवढं शोधा. मग त्यांनी हेल्मेट घातलं, बाकावरच्या म्हाताऱ्याला नमस्कार केला आणि गेले.

शाखा गेली तर रत्नमालाला रोज नऊ किलोमीटर जावं लागलं असतं, ते तिनं केलंही असतं. पण अंगठा लावून निराधारांचा पगार उचलायला येणाऱ्या म्हाताऱ्या कुठं जाणार होत्या? आणि बाक रिकामा झाला तर सांडूबाबा कुठं बसणार होते? त्या संध्याकाळी म्हाताऱ्यानं भाकरी अर्धीच खाल्ली. मग थैली अडकवायची खुंटी हलते म्हणून तिच्याभोवती पाचर ठोकत बसले.

दुसऱ्या दिवसापासून रत्नमाला घरोघर फिरू लागली. पोस्टाची काय काय कामं होतात ते सांगायची. लोक ऐकून घ्यायचे. पोरांकडं मोबाईल होते आणि त्यांचं सगळं मोबाईलवर व्हायचं. आप्पासाहेबांच्या वाड्यावर तिला ओट्यावर बसवलं. आप्पासाहेब म्हणजे गावचे माजी सरपंच, दरवर्षीच्या सप्ताहाचे कारभारी. त्यांनी आस्थेनं चौकशी केली, पोस्ट जाऊ नये असंही म्हणाले. चहा आला. घरातल्यांचा कपबशीत, तिचा कागदी कपात. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. तसं ते ठरून गेलेलं होतं, इतकंच. रत्नमालानं चहा घेतला, कप चुरगाळून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि उठली.

मग एका सकाळी फाट्यावर तिला जे शोधायचं होतं ते दिसलं. ती थैली घ्यायला उभी होती. तेवढ्यात पुण्याला जाणारी खासगी गाडी थांबली. आप्पासाहेबांच्या मंडळी सारजाबाई डोक्यावर डबा घेऊन धावत आल्या. डब्यात लेकीसाठी कुरडया होत्या. लेक प्रेरणा चाकणला, जावई ऋतुराज तिथंच कारखान्यात. क्लीनरनं डबा घेतला आणि कांद्याच्या गोण्यांखाली सारला. सारजाबाई म्हणाल्या, जरा वर ठेव रे बाबा. तो म्हणाला, मावशी, फुटलं तर आपली जबाबदारी नाय, आधीच सांगतो. ज्या बाईपुढं गावातल्या चार सुना मान खाली घालून उभ्या राहायच्या, ती त्या पोराला हात जोडत होती. गाडी गेली. धुरळा खाली बसेपर्यंत सारजाबाई तिथंच उभ्या होत्या.

रत्नमाला जवळ गेली. सारजाबाईंनी तोंड मोकळं केलं. मागच्या वेळचा शेवयांचा डबा डिझेलच्या वासाचा पोचला होता. आता तर पुढं धोंड्याचा महिना येत होता. तीन वर्षांनी एकदा येणारा अधिकाचा महिना, जावयाला देवासारखं बसवून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. आणि जावयाला सुट्टी नाही.

"पोस्टानं पाठवा ना काकू," रत्नमाला म्हणाली.

"अनारसे? पोस्टानं?" सारजाबाईंनी पदरानं मान पुसली. "ती काय लग्नाची पत्रिका हाय व्हय, चिटकवली अन् धाडली?"

फाट्यावरच्या बाया हसल्या. रत्नमालाही हसली. पण घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात तेवढंच होतं. गावातून बाहेर जाणारा माल तिला सापडला होता. तो पोतीच्या पोती नव्हता. तो आयांच्या हातचा होता.

तिनं तांदूळ भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदललं, मग सावलीत पंच्यावर वाळवले, कुटले, गूळ घालून पीठ मुरवलं. घरात धोंड्याचा महिना पाळत नव्हते, पण अनारशाला हात तिचा लहानपणापासून बसलेला. खसखशीवर थापून तिनं तुपात सोडले तर जाळी अशी पडली की सांडूबाबा चुलीपाशी येऊन उभे राहिले. त्यातले पंधरा तिनं डब्यात भरले, डब्यावर कागद गुंडाळला, चिकटपट्टी लावली आणि पिंपरीला नणंदेकडं, रूपाकडं, रीतसर पार्सल करून पाठवले. चौथ्या दिवशी रूपाचा फोन आला.

"वहिनी, चव लई भारी. फक्त पुढच्या वेळी चमचा पण धाडा."

आत सगळा चुरा झाला होता, हे सांडूबाबांनी ओळखलं. त्यांनी डबा मागितला. तसाच भरलेला दुसरा डबा. हातात घेऊन कानापाशी हलवला, जसा एखादा नारळ हलवून बघतो तसा.

"मी थैली वाह्यली चाळीस वर्षं," ते म्हणाले. "बांगड्या नेल्या, औषधाच्या बाटल्या नेल्या. जड सामान कधी फुटलं नाय. हालत व्हतं तेच फुटलं. याच्यात अनारसा नाचतोय बघ."

मग सासऱ्या-सुनेचं काम सुरू झालं. कापूस घालून बघितला, तो अनारशाच्या तुपाला चिकटला. कागदाचे बोळे घातले, ते दबून बसले आणि पुन्हा जागा झाली. गव्हाचा भुसा घातला, तो खसखशीत मिसळला. शेवटी सांडूबाबांनाच सुचलं. ज्वारीच्या लाह्या. हलक्या, कोरड्या, दाबल्या तर जागा धरतात, सोडल्या तर फुगतात आणि अनारशाला लागल्या तरी खायच्याच. वरून मांजरपाटाचं कापड आणि त्याला जुन्या पार्सलांची शिवण. टाका आतून घ्यायचा, प्रत्येक चौथ्या टाक्याला गाठ मारायची. म्हाताऱ्याचं बोट थरथरायचं, पण सुई कापडात शिरली की थरथर थांबायची.

डबा शिवून झाला. सांडूबाबांनी तो सायकलच्या कॅरिअरला बांधला, धोतराचा सोगा खोचला आणि रत्नमाला नको नको म्हणत असताना ओढ्याच्या गोट्यांतून निघाले. नांगरलेल्या वावरातून, रस्त्याच्या खडीवरून देवगावच्या निम्म्या वाटेपर्यंत गेले आणि परत आले. आले तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला आणि गुडघा सोललेला. पुलापाशी पडले होते. रत्नमाला हळद घेऊन धावली तर म्हणाले, गुडघा राहू दे, आपटायचंच व्हतं ते बरं आपटलो, आधी डबा उसव.

पंधरातले दोन फुटले होते. दोन्ही तळाचे.

आडवे रचले म्हणून वरच्यांचा भार खाली आला, हे रत्नमालाच्या लक्षात आलं. तिनं ते उभे लावले, ताटाळ्यात ताटं लावावीत तसे. आणि या वेळी सायकल तिनंच घेतली. साडी खोचून, पदर कमरेला बांधून मास्तरीणबाई भर दुपारी गोट्यांतून सायकल हाणतेय आणि मागं शिवलेला डबा, हे बघायला देवळाच्या पारावरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी विचारलं, बाई, थैली पळून चालली व्हय? तिनं मान वळवली नाही. मांड्या भरून आल्या, तळहाताला फोड आला. घरी येऊन डबा उसवला. पंधराच्या पंधरा अनारसे जसेच्या तसे. सांडूबाबांनी एकेक उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, आता एक खायला हरकत नाय.

धोंड्याचा महिना लागला. गावात बातमी आधीच पसरली होती. चौथ्या दिवशी सारजाबाई आल्या. हातात पत्र्याचा डबा, झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी. डबा त्यांनी टेबलावर ठेवला नाही. दाराच्या उंबऱ्यावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरल्या.

"घरूनच बंद करून आणलाय," त्या म्हणाल्या. "तू निस्ता शिक्का मार."

रत्नमालानं डबा उचलला, हलवला. आत अनारसे नाचत होते. ती म्हणाली की काकू, उघडून लाह्या भराव्या लागतील, नाहीतर चाकणपर्यंत टिकणार नाहीत. सारजाबाईंनी तिच्याकडं बघितलं नाही. बाहेरच्या निंबाकडं बघत म्हणाल्या की देवाचं वाण आहे, त्याला जास्त हात लागू नयेत, बाकी काही नाही. बाकी काही नाही, असं दोनदा म्हणाल्या.

मायबापहो, त्या खोलीत तेव्हा कुणी वाकडा शब्द बोललं नाही. पण कागदी कप जिथून आला होता, तिथूनच हा बंद डबाही आला होता, हे त्या दोघींना आणि बाकावरच्या म्हाताऱ्याला पुरतं कळलं.

रत्नमालाला त्या पार्सलाची गरज होती. रकान्यात तिचं स्वतःचं एकच पार्सल होतं आणि जून जवळ येत होता. एक शिक्का मारला असता तर गावाची पहिली नोंद झाली असती. पण चाकणला चुरा पोचला असता, सारजाबाईंनी तो गावभर सांगितला असता आणि दुसरा डबा या दारात आलाच नसता. आणखीही एक होतं, ते तिनं मनातल्या मनातही नीट उच्चारलं नाही.

"बंद डबा मी घेणार नाय, काकू," ती म्हणाली. "फुटला तर नाव पोस्टाचं जाईल. भरायचा असंल तर इथं, माझ्यासमोर भरा."

सारजाबाईंनी डबा उचलला आणि गेल्या. त्यांच्यामागं डबा घेऊन येणार होत्या त्या बायाही आपापल्या दारातून मागं वळल्या. पंधरवडा उलटला तरी कुणी आलं नाही. रत्नमाला रोज शिक्क्याची तारीख बदलायची आणि शिक्का तसाच कोरडा राहायचा. एकदा तिनं सासऱ्यांना विचारलं, मामा, माझं चुकलं का? सांडूबाबा मांजरपाटाच्या चौकोनी घड्या घालत होते. म्हणाले, मला थैली पोचवायची ठाऊक हाय. तुझ्यायेवढं करायला मला कधी जमलं नाय. एवढंच बोलून पुन्हा घड्या घालू लागले.

त्या महिन्यात देवळात सप्ताह बसला होता. कर्णा निंबाच्या झाडाला बांधलेला, त्यामुळं सकाळची काकड आरती आणि संध्याकाळचा हरिपाठ सगळं पोस्टात ऐकू यायचं. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. सकाळी दहाला बुवा उभे राहिले. रत्नमाला टेबलाशी पगाराचे कागद लावत होती आणि आवाज खिडकीतून सरळ तिच्यापुढं येऊन पडत होता. बुवांचा गळा असा की मृदंगाची थाप पडायच्या आधी माणसाची मान हलावी. काल्याचा प्रसंग लावला होता. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. कुणाची ताजी भाकर, कुणाचा शिळा तुकडा, कुणाच्या नुसत्या लाह्या. देवानं सगळं एका भांड्यात ओतलं आणि दह्यात कालवलं.

"आता मला सांगा," बुवा गाणं थांबवून साध्या आवाजात म्हणाले, "कालवून झाल्यावर एखादा गडी उभा राहिला अन् म्हणाला, देवा, माझी लाही तेवढी मला वेगळी काढून दे, तर देव काय करील? देव म्हणंल, बाबा, तुझी कोणती ते मलाच आता कळंना."

मंडपात हसू उसळलं, मग टाळांचा कल्लोळ झाला. रत्नमालानं कागद बाजूला ठेवले होते. सांडूबाबांनी बाकावर बसल्या जागी कूस बदलली आणि म्हणाले, गळा गोड हाय बुवाचा.

साडेबाराला कर्णा बंद झाला. पाऊण वाजता दारात सावली पडली. सारजाबाई होत्या. देवळातून घरी जाऊन तडक आलेल्या, कपाळावर बुक्का, काल्यासाठी काढलेल्या लाह्यांतल्या उरलेल्या कोरड्या लाह्या ओच्यात. दोन्ही हातांवर परात, परातीवर स्वच्छ पंचा. भर गल्लीतून, सगळ्या गावादेखत आल्या होत्या. उंबऱ्यावर त्या क्षणभर थांबल्या. मग उंबरा ओलांडून आत आल्या, परात टेबलावर ठेवली आणि जमिनीवर फतकल मारून बसल्या.

"भर बाई," म्हणाल्या. "दोनची बस हाय ना?"

रत्नमालानं हात धुतले, समोर बसली. रिकाम्या डब्यात तळाला लाह्यांचा थर दिला. सारजाबाई परातीतून एकेक अनारसा द्यायच्या, रत्नमाला उभा लावायची आणि दोघी मिळून मोजायच्या. अकराची एक ओळ. अकराची दुसरी. तिसऱ्या ओळीत दहा झाले आणि परात संपली.

सारजाबाईंनी पंचा झटकला. परत मोजलं. बत्तीसच. ताज्या तळलेल्यांतले मोजून तेहतीस त्यांनी पहाटे परातीत लावले होते. कपाळाला हात लावून त्या विचार करू लागल्या आणि एकाएकी त्यांचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या की आमचे धनी सकाळी उपाशीपोटी कीर्तनाला निघाले, स्वयंपाकघरात दोनदा डोकावून गेले, तेव्हा मला वाटलं की चावी शोधत असतील.

सांडूबाबा दातात दोरा धरून खुसखुसले. रत्नमालानं ओठ दाबले. पण हसण्याची वेळ नव्हती. पीठ संपलं होतं, नवं करायचं तर चार दिवस, आणि महिना संपायला आठच दिवस उरले होते. बत्तिसांचं वाण देता येत नाही. घड्याळात सव्वा वाजला होता.

पडद्यापलीकडं फळीवर रत्नमालाचा डबा होता. सायकलवरच्या दुसऱ्या खेपेचे चार-पाच अनारसे त्यात उरले होते. ते तिला आठवत होतं, सांडूबाबांना आठवत होतं. पण ती गोष्ट त्यांनी पुढं करायची नव्हती.

सारजाबाई बराच वेळ डब्यातल्या त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिल्या. एका अनारशाएवढी फट होती.

"तुझे उरलेत का गं त्यातले?" त्यांनी विचारलं.

"उरलेत. पण काकू, ते माझ्या हातचे हायेत."

"मला काय दिसत नाय व्हय? आण."

रत्नमाला पडद्याआड गेली. आली तेव्हा ताटलीत पाच होते. सारजाबाईंनी त्यातला एक उचलून उजेडात धरला. जाळी बघितली, खसखस बघितली. मग कडा मोडलेला दुसरा घेतला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"गूळ एक रती जास्त पडलाय," त्या म्हणाल्या. "पण खुसखुशीत हाय. लाव तो."

तेहतिसावा अनारसा जागेवर बसला. वरून लाह्या दाबल्या, झाकण लागलं. सांडूबाबांनी शिवण घातली, टाका आतून, चौथ्या टाक्याला गाठ. रत्नमालानं पत्ता लिहिला, वजन केलं, शिक्का शाईवर दाबून कागदावर मारला. दोनला पाच कमी असताना ती थैली घेऊन फाट्याकडं निघाली आणि सारजाबाई परात काखेत मारून तिच्यामागं आल्या. बस दिसेनाशी होईपर्यंत दोघी तिथं उभ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी फोन आला तो सारजाबाईंनी पोस्टात येऊन सगळ्यांना ऐकवला. तेहतीसच्या तेहतीस शाबूत. प्रेरणानं ताटात मांडून, मधे निरांजन लावून फोटो पाठवला होता आणि जावई डोक्यावर टोपी घालून पाटावर बसले होते. सारजाबाईंनी फोटो मोठा करून बघितला. मग रत्नमालाकडं दिला आणि तिला म्हणाल्या, आता यातला तुझा कोणता ते सांग. रत्नमालानं निरखून बघितलं. तिला सांगता येईना. सारजाबाईंनी समाधानानं मान हलवली आणि चहा टाक म्हणाल्या. त्या घरात नेहमीच्या वापरातल्या कपबशा होत्या. त्यातल्याच एकीत त्या प्यायल्या.

त्यानंतर डबे येऊ लागले ते महिना संपल्यावरही थांबले नाहीत. धोंड्याचे अनारसे गेले, मग कुरडया, मग बाजरीच्या खारोड्या, मग कुणाच्या लेकाला आल्याच्या वड्या. देवगावचा भट्टीवाला गोकुळ आठवड्याला पोतंभर लाह्या आणून टाकू लागला. सकाळपासून पोस्टाच्या खोलीत बाया दाटीवाटीनं बसायच्या, विहाराच्या आळीतल्या आणि देवळाच्या आळीतल्या. आधी भिंतीकडं वेगवेगळ्या बसल्या. मग शिवण शिकायची म्हणून सांडूबाबांच्या भोवती यावं लागलं आणि मग कोण कुठं बसलंय याकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही. सगळं गाव एका दिवसात बदललं असं नाही. काही घरांतून अजून बंद डबेच निघाले आणि गाडीनंच गेले. पण आप्पासाहेब एकदा स्वतः आले. बाकावर सांडूबाबांशेजारी बसले आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले की एक अनारसा खाल्ला तर बायकोनं गावभर बोभाटा केला. सांडूबाबा म्हणाले, एकच खाल्ला व्हय? आप्पासाहेबांनी इकडंतिकडं बघितलं. मग दोघंही हसायला लागले.

जूनच्या अखेरीला निरीक्षक प्रणय आले. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी पार्सलाचा रकाना दोनदा वाचला, एक शिवलेला डबा हातात घेऊन कानाशी हलवला आणि आवाज आला नाही तसे हसले. म्हणाले, अहवाल मी लिहितो, पण निकाल वरून येईल.

निकाल जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला. सकाळच्या थैलीतच आला. रत्नमालानं थैली सोडली, सहा पाकिटं टेबलावर पडली आणि त्यातल्या एकावर तिचंच नाव होतं. वर कचेरीचा शिक्का. बायांनी ते बघितलं. हातातल्या सुया थांबल्या.

रत्नमालानं सहाही पाकिटांवर तारखेचा शिक्का मारला. स्वतःच्या पाकिटावर सगळ्यांत शेवटी. मग ती सहाही उचलून चप्पल घालू लागली.

"फोड ना बाई," सारजाबाई म्हणाल्या. "जीव टांगणीला लावू नको."

"आधी गावाचं," बाकावरून सांडूबाबा म्हणाले. "पोस्टवाल्याचं शेवटी."

ती वाटायला निघाली. खालच्या आळीत एक, शाळेत एक, मळ्यातल्या घरी एक. पाऊस पडून गेलेला, वाटेत चिखल. सारजाबाई आणि आणखी चार-पाच बाया साड्या वर धरून तिच्यामागं चालत होत्या आणि ज्याच्या दारात जाईल त्याला पत्र लवकर घे म्हणून दटावत होत्या. मळ्यातल्या म्हाताऱ्यानं पत्र वाचून दाखवायला सांगितलं. तिनं तेही वाचून दाखवलं, सगळं, सावकाश.

पाच पाकिटं संपली. ती परत आली, टेबलाशी बसली. सही घ्यायची वही उघडली. घेणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि मग पाकीट फाडलं. आधी तिनं मनात वाचलं. मग कागद सारजाबाईंपुढं धरला. त्यांनी चष्मा लावला आणि अक्षर अक्षर लावत वाचलं. शाखा आहे तिथंच राहणार होती. पार्सलांसाठी मोठा काटाही मंजूर झाला होता.

बायांनी एकमेकींच्या हातांवर हात मारले. सांडूबाबांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. सारजाबाईंनी पुन्हा वाचलं. ऐकून झाल्यावर म्हाताऱ्यानं टोपी नीट केली, सुई उचलली, दोरा डोळ्यापाशी नेला आणि म्हणाले, चला, किती डबे राह्यलेत? दोनची बस थांबत नसती.

मायबापहो, गोष्ट एवढीच. पण उठायच्या आधी एक मागणं आहे. दिवा लावून देवापुढं, नाहीतर ज्याला तुम्ही मानता त्याच्यापुढं, हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेताच. त्यात आणखी एका नावाला जागा करा. स्वतःच्या नशिबाचं पाकीट हातात असताना जिनं आधी सगळ्या गावाचं वाटलं आणि मळ्यातल्या म्हाताऱ्याचं पत्र घाई न करता वाचून दाखवलं, त्या चिंचदऱ्याच्या रत्नमालेची आठवण ठेवा.